झाळलेला कॅरिअर दर वेळी त्याच सांध्यात का तुटतो?

करूळ घाट उतरत होतो. कोल्हापूर ते गगनबावडा हे साधारण ५५ किलोमीटर सायकलचा काहीच आवाज नव्हता. घाट सुरू झाला आणि मागून किरकिर यायला लागली. चार-पाच वळणं झाली असतील, उजवी पिशवी चाकाच्या तारांना घासू लागली. थांबून वाकून पाहिलं. घरी नळ्या झाळून (ब्रेझिंग करून, म्हणजे सांध्यात पितळासारखा धातू वितळवून) केलेल्या कॅरिअरचा उजवा पाय, तिरकी नळी त्याला येऊन मिळते बरोबर तिथे, तुटून लोंबत होता.

पुढच्या वर्षभरात तोच सांधा आणखी दोनदा गेला. मी तो पुन्हा झाळला, भरपूर पितळ ओतलं, तरी तो तिथेच तुटला. जागा तीच म्हणजे कारणही तेच, असं मी धरून चाललो होतो. तुटलेलं तोंड उजेडात धरून नीट बघायचं मला सुचलंच नव्हतं. तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं आणि पितळ कमी पडलं हे त्यातलं एकही नव्हतं. झाळलेला कॅरिअर, ट्रॉली, स्टँड असं काहीही ज्यांचं वारंवार एकाच ठिकाणी तुटतंय त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितोय.

कॅरिअर साधाच आहे. वर आडव्या नळ्यांची चौकट, दोन्ही बाजूंना एक उभा पाय आणि एक तिरकी नळी, पुढे सीटखालच्या फ्रेमला जाणारे दोन दांडे. नळी माइल्ड स्टीलची, बाहेरून १० मिमी, भिंत १ मिमी. साध्या सायकलींच्या कॅरिअरला बऱ्याचदा ८ मिमीचा भरीव गज वापरतात. त्या गजाचं वजन मीटरला साधारण ३९५ ग्रॅम भरतं, या नळीचं २२२ ग्रॅम. वाकायला विरोध मात्र नळीच जास्त करते, गजाच्या जवळजवळ दीडपट. म्हणून नळी घ्यायची. पण तिची भिंत १ मिमीची आहे, हे झाळताना विसरून चालत नाही. गजाला जी चूक खपून जाते ती या नळीला खपत नाही.

पहिल्यांदा तुटला तो एसीच्या काडीमुळे

कॅरिअर पहिल्यांदा केला तेव्हा माझ्याकडे गॅसचं सामान नव्हतं. एसी दुरुस्त करणाऱ्या मित्राने टॉर्च दिला, सोबत सांध्यात वितळवायच्या त्याच्याकडच्या धातूच्या काड्याही दिल्या. त्या काड्या फार सुरेख वितळतात. फ्लक्स (तापलेल्या धातूवरचा ऑक्साइड काढणारी भुकटी किंवा लेप) लागत नाही, ७००-८०० अंशांच्या आसपास पाण्यासारख्या पळतात, सांधा गुळगुळीत दिसतो. पहिलंच काम इतकं देखणं झालं याचा मला आनंद झाला होता.

त्या काड्या तांबं आणि फॉस्फरसच्या असतात. तांब्याला तांबं जोडताना फॉस्फरस स्वतःच ऑक्सिजन ओढून घेतो, म्हणून वेगळा फ्लक्स लागत नाही. पण लोखंडाशी गाठ पडली की तोच फॉस्फरस लोखंडाशी संयोग पावतो आणि सांध्याच्या पातळीवर आयर्न फॉस्फाइडचा एक पातळ, ठिसूळ थर तयार होतो. सांधा हाताने ओढून बघितला तर पक्का लागतो. रस्त्यावरचे हादरे बसले की तो थर काचेसारखा तडकतो.

तुटलेलं तोंड ओळखायला सोपं आहे. ते सपाट असतं, करडं असतं, कुठेही ओढल्याची किंवा वाकल्याची खूण नसते. पापड मोडल्यावर कड जशी दिसते तशी. माझा तुकडा आजही माझ्याकडे आहे. नळीचा आकार त्यावर जसाच्या तसा उमटलेला आहे, एका ठिकाणीही धातू ताणला गेलेला नाही.

काहींना वाटतं की चांदीचं प्रमाण असलेली एसीची काडी घेतली तर चालेल. २ टक्के, ५ टक्के, अगदी १५ टक्के चांदीच्या काड्याही दुकानात मिळतात. चांदी कितीही असो, फॉस्फरस असेल तर ती काडी लोखंडावर वापरायची नाही. दुकानदाराला सरळ विचारायचं, ‘ही लोखंडाला लोखंड झाळायला चालते का, की फक्त तांब्याला?’ त्याने उत्तर देताना चाचपडलं तर घेऊ नका.

आणि एकदा ही काडी वापरलेली असली तर तो सांधा वरून दुसरं काही ओतून सुधारत नाही. फॉस्फरस तिथेच राहतो. नळी सांध्याच्या पलीकडे अर्धा-पाऊण इंच कापून नवा तुकडा घालावा लागतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, त्यातून पुढचं प्रकरण घडलं.

दुसऱ्यांदा तुटला तेव्हा पितळ चिकटलेलंच नव्हतं

घाट उतरल्यावर एका वेल्डरने मला आर्क वेल्डिंगचा टाका मारून दिला. पैसे घ्यायलाही तो तयार नव्हता. त्याच्या टाक्यावर मी कोकणातली बाकीची सहल पुरी केली, त्यामुळे त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण झाळलेल्या सांध्यावर आर्क मारला की तांबं आणि जस्त वितळलेल्या पोलादात मिसळतं आणि थंड होताना टाक्याला बारीक चिरा जातात. शिवाय १ मिमीची भिंत आर्कखाली जळून पातळ होते. वाटेत अडलात तर आर्कपेक्षा बरा उपाय सांगतो. दोन लाकडी पट्ट्या किंवा तंबूच्या खुंट्या नळीच्या दोन्ही अंगांना लावायच्या, जुन्या ट्यूबची पट्टी आवळून गुंडाळायची आणि वर दोन होज क्लॅम्प (स्क्रूने आवळायचे पत्र्याचे पट्टे) घट्ट करायचे. मोडलेल्या हाताला खपाटी बांधतात तसं. माझ्या सामानात आता तीन होज क्लॅम्प कायम असतात.

घरी आल्यावर मी तो टाका घासून सपाट केला, पितळी काडी आणली, फ्लक्स म्हणून टाकणखार (बोरॅक्स) आणला आणि वरून भरपूर पितळ चढवलं. गाठ सुपारीएवढी झाली. चार महिन्यांत ती गाठ अख्खीच्या अख्खी निघून आली. आतून खोलगट, नळीच्या आकाराची, पितळाची एक टोपी. आतल्या बाजूला काळसर, काचेसारखा चकाकणारा थर होता आणि नळीवर पितळाचा एक कणही नव्हता.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक वयस्कर गॅस वेल्डर आहेत, सगळे त्यांना मेस्त्री म्हणतात. आयुष्यभर सायकलींच्या फ्रेमा झाळल्या त्यांनी. मी ती टोपी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, आतला काळा थर नखाने खरवडला आणि म्हणाले, ‘धरलंच नाही की हे. नुसतं बसलंय.’

या एका वाक्यात झाळकामाचं मर्म आहे. वेल्डिंगमध्ये दोन्ही तुकडे वितळून एक होतात. झाळताना पोलाद वितळतच नाही, फक्त पितळ वितळतं आणि तापलेल्या, स्वच्छ पोलादावर पसरून त्याला धरतं. पोलाद स्वच्छ नसेल किंवा पुरेसं तापलेलं नसेल तर पितळ वर बसतं आणि मधल्या भेगेत फ्लक्स काचेसारखा गोठतो. बाहेरून गाठ भक्कम दिसते. प्रत्यक्षात तुकडे त्या काचेने चिकटवलेले असतात.

स्वच्छ म्हणजे काय याबद्दल बहुतेकांचा, माझाही, गैरसमज होता. गंज नाही म्हणजे नळी स्वच्छ, असं मी समजायचो. नव्या नळीवर तेल असतं, आणि बऱ्याचदा कारखान्यातून आलेला निळसर-काळा पापुद्राही असतो. तेल आधी थिनरने किंवा साबणाच्या गरम पाण्याने काढायचं, मग घासायचं. उलटं केलं तर पॉलिश पेपर ते तेल धातूत चोळतो. सांध्यापासून दोन्हीकडे एक इंच नळी चांदीसारखी उजळ दिसेपर्यंत घासायची. नळीच्या तोंडाच्या आतली कडही घासायची, कारण चांगल्या सांध्यात पितळ आतही थोडं ओढलं जातं. घासल्यावर हात लावायचा नाही. बोटांचा तेलकटपणाही पुरतो.

पडद्याचा चकचकीत रॉड किंवा जुन्या खुर्चीची क्रोमची नळी वापरणार असाल तर क्रोम आणि त्याखालचं निकेल पूर्ण उतरवल्याशिवाय झाळू नका. जस्ताचा मुलामा असलेली नळी तर घेऊच नका. ती तापली की जस्ताचा पांढरा धूर निघतो, आणि तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. स्टेनलेसवर टाकणखार चालत नाही, क्रोमियमचा ऑक्साइड त्याला दाद देत नाही. त्याला फ्लोराइडचा फ्लक्स आणि चांदीची काडी लागते.

टाकणखाराबद्दल थोडं. किराणा दुकानातला टाकणखार तापवला की आधी फुगतो, लाह्यांसारखा उडतो, कारण त्यात पाणी असतं. झाळताना तो उडून भलतीकडे जातो आणि नेमका सांधा उघडा पडतो. लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजून, फुगल्यावर कुटून ठेवायचा. स्वयंपाकाचा तवा नको, यासाठी वेगळा ठेवा. मग गरम काडी त्यात बुडवली की छान चिकटतो, आणि पाण्यात कालवून सांध्यावरही लेपता येतो. तयार फ्लक्स मिळाला तर उत्तमच.

उष्णतेचं गणित डोळ्यांनी करायचं असतं, म्हणून झाळकाम उन्हात करू नये. शेडमध्ये, सावलीत करा. नळी आधी अंधूक लाल दिसते, तेव्हा ती ६०० अंशांच्या आसपास असते. टाकणखार सुमारे ७४० अंशांना वितळतो आणि सांध्यावर ओल्या काचेसारखा पसरतो. त्याच्यावर लक्ष ठेवायचं, तो पाण्यासारखा झाला की पोलाद तयार होत आलं. पितळी काडी ८७० ते ९०० अंशांच्या दरम्यान वाहते, तेव्हा नळी उजळ नारिंगी-लाल असते. काडी ज्योतीत धरून थेंब पाडायचा नाही. ज्योत नळीवर ठेवायची आणि काडी नळीला टेकवायची. नळीच्या उष्णतेने काडी वितळली तर ती धरणार. थेंब गोल राहिला, कमळाच्या पानावरच्या पाण्यासारखा, तर तिथेच थांबा. त्यावर आणखी ओतून काही होत नाही. पितळ चांगलं धरलं की त्याची कड पातळ होत जाते, पोलादात विरल्यासारखी दिसते. माझ्या सुपारीची कड गोल होती. ते मला आधीच दिसायला हवं होतं.

सांध्यात जाडी-पातळी असेल तर जाड भागाला आधी तापवा. माझ्या कॅरिअरला खाली ४ मिमीची पट्टी आणि तिच्यावर १ मिमीची नळी आहे. दोन्हींवर सारखी ज्योत फिरवली तर नळी जळायला येते आणि पट्टी काळीच राहते. ज्योतीचा तीन चतुर्थांश वेळ पट्टीवर गेला पाहिजे.

जोडही तंतोतंत बसायला हवा. नळीचं तोंड गोल कानशीने माशाच्या तोंडासारखं कोरायचं, दुसऱ्या नळीवर टेकवायचं आणि दिव्यासमोर धरायचं. फटीतून उजेड दिसला तर अजून कोरा. वहीचा एक कागद जेमतेम सरकेल एवढीच फट हवी.

नवं काही झाळण्याआधी तुकड्यांवर परीक्षा घ्या. त्याच नळीचे दोन तुकडे टीच्या आकारात झाळा, थंड झाल्यावर बाकाच्या पकडीत धरा आणि हातोड्याने उभा तुकडा आडवा पाडा. नळी चेपली, वाकली आणि सांधा राहिला, तर तुमचं झाळकाम बरोबर आहे. सांधा सोलून निघाला तर कॅरिअरला हात लावू नका. मी असे सात तुकडे मोडले. पहिले चार सोलून निघाले.

छिद्रं पडलेली झाळ

हा त्रास मला या सांध्यात झाला नाही, पण वरच्या चौकटीत झाला. तुटलेलं तोंड पिवळंच असतं, म्हणजे पितळातून तुटलेलं, आणि त्यात जाळीदार पावासारखी छिद्रं दिसतात. याची दोन कारणं आहेत. एक, पितळ जास्त तापवलं. जस्त ९०७ अंशांना उकळतं, आणि काडी वाहते तीच मुळी ९००च्या आसपास, म्हणजे मध्ये जागा फारच थोडी आहे. सांध्यावरून पांढरा धूर आणि पिवळसर-पांढरी भुकटी दिसली की तुम्ही हद्द ओलांडली. ज्योत लांब घ्या. ऑक्सिजन किंचित जास्त ठेवलेली ज्योत इथे मदत करते, वितळलेल्या पितळावर ऑक्साइडची पातळ साय धरते आणि जस्त आत राहतं. जस्त उडालेलं पितळ पुन्हा वितळवायला आणखी जास्त उष्णता लागते, म्हणून तोच सांधा तीन-चार वेळा तापवत बसू नये.

दुसरं कारण, दोन्ही टोकं बंद असलेली नळी. आतली हवा ३० अंशांवरून ९०० अंशांवर गेली की तिचा दाब जवळपास चौपट होतो. शेवटचं टोक बंद करताना ती हवा वितळलेल्या पितळातून बुडबुडे काढत बाहेर पडते, आणि भोक काही केल्या बुजत नाही. प्रत्येक बंद नळीला न दिसणाऱ्या जागी, खालच्या अंगाला, २ मिमीचं भोक पाडा. ते नंतरही बुजवू नका. पावसाळ्यात आत गेलेलं पाणी तिथूनच निघतं.

तिसऱ्यांदा झाळ टिकली, नळी तुटली

हे मला सर्वांत जास्त शिकवून गेलं, आणि अनुभवी लोकांनाही बहुधा हेच छळतं. या वेळी मी पायाचा तुकडा कापून नवा घातला होता, मेस्त्रींसमोर बसून झाळला होता. पितळ आजही तसंच आहे. तुटली ती नळी, पितळाच्या कडेला लागून, साधारण एक मिलिमीटर अंतरावर.

तोंड धुऊन भिंगाखाली पाहिलं. दोन तृतीयांश भाग काळपट, गुळगुळीत, थोडा गंजलेला. उरलेला एक तृतीयांश ताजा, चमकदार, दाणेदार. याचा अर्थ ती एका झटक्यात तुटलेली नाही. चीर कित्येक आठवडे पुढे सरकत होती, पाणी आत जाऊन तिथे गंजत होतं, आणि उरलेला तेवढा भाग शेवटच्या खड्ड्यात गेला. असं तोंड दिसलं की झाळकामाला दोष देऊ नका. तिथे नळी रोज हलत होती. ती का हलत होती, हे शोधायचं.

मी कॅरिअर सायकलवर परत चढवला, मागे उभा राहिलो आणि वरची चौकट धरून डावी-उजवीकडे ढकलली. बोटभर हलली. पुढे-मागे ढकलली तर अजिबात नाही. बाजूच्या तिरक्या नळ्या पुढे-मागे होण्याला अडवतात. डावीकडून उजवीकडे झुकण्याला अडवणारं माझ्या कॅरिअरमध्ये काहीच नव्हतं. मागून बघितलं तर दोन पाय आणि वरची आडवी नळी मिळून एक चौकोन होत होता, आणि चौकोन हलतो. त्रिकोण हलत नाही. पिशव्या भरल्या की प्रत्येक पायडलला तो चौकोन इकडून तिकडे झुकत होता, आणि सगळं वाकणं खालच्या सांध्याच्या कडेला येऊन साठत होतं. तिथे जाड पितळ अचानक संपतं आणि १ मिमीची नळी सुरू होते, म्हणून नळी नेमकी तिथेच थकली. पितळ वाढवलं असतं तर ही कड फक्त चार मिलिमीटर पुढे सरकली असती.

उपाय म्हणून चाकाच्या मागच्या अंगाला, मडगार्डच्या वर, दोन्ही पायांना जोडणारी आडवी कमान घातली आणि तिच्यापासून वरच्या चौकटीला एक तिरका दांडा दिला. पुढचे दोन दांडे आधी समांतर होते, ते आता सीटखालच्या फ्रेमकडून चौकटीकडे फाकत जातात. वजन शंभर-सव्वाशे ग्रॅम वाढलं, पण झुकणं जवळपास थांबलं.

दुसरा दोष जोडणीतला होता. कॅरिअर सायकलवर बसवताना उजवी पट्टी बोल्टच्या भोकापासून चार-पाच मिमी बाहेर राहायची. मी ती पानाने ओढून आवळायचो. म्हणजे पिशवी अडकवण्याआधीच नळीवर ताण होता, आणि तो चोवीस तास होता. झाळताना सांधा थंड होतो तसा एका बाजूला खेचला जातो, त्यामुळे हे घडतं. आता मी आधी सगळे सांधे छोट्या ठिपक्यांनी धरून घेतो, सायकलच्या मापाच्या लाकडी फळीवर, जिथे बोल्ट येणार तिथे ५ मिमीचे आटे असलेले गज उभे करून. मग एक सांधा डावीकडे, एक उजवीकडे असं आलटून-पालटून पूर्ण करतो. शेवटी बोल्ट दोन बोटांनी भोकात उतरला पाहिजे. उतरत नसेल तर सांधा पुन्हा लाल करून सरळ करा, पण पितळ वितळलेलं असताना नळीला ताण देऊ नका. वितळलेलं पितळ ताणाखालच्या पोलादाच्या कणांमधल्या फटींत शिरतं आणि नळीला आतून चीर पाडतं. मेस्त्री त्याला ‘पितळ खातंय’ म्हणतात. झाळ गोठून, पोलाद गर्द लालवर आल्यावरच हात लावायचा.

झाळायला कॅरिअर नेहमी सायकलवरून उतरवूनच घ्या, हे वेगळं सांगायला नको.

खालचं टोक कसं करता यावरही बरंच अवलंबून आहे. नळीचं टोक हातोड्याने चपटं करून त्यात भोक पाडणं सगळ्यांत सोपं, आधी मीही तेच केलं होतं. पण चपटं करताना दोन्ही कडांना घडी पडते, आणि घडीत आधीच बारीक चीर असते. त्याऐवजी नळीच्या टोकाला हॅकसॉने १५ मिमी खोल खाच पाडा, त्यात ४ मिमीची पट्टी सरकवा आणि झाळा. पितळ खाचेच्या दोन्ही बाजूंनी आत ओढलं जातं. जुन्या सायकलींच्या फ्रेमच्या सांध्यांवर जी नक्षीदार बाही दिसते, तीही याच तत्त्वावर चालते. नळी आत सरकवून झाळली की धरायला भरपूर पृष्ठभाग मिळतो. तुटलेली नळी जोडताना म्हणूनच टोकाला टोक लावू नका. १० मिमीच्या नळीत घट्ट सरकेल असा ८ मिमीचा गज, निदान ४० मिमी लांब, आत घालून झाळा. गजाची टोकं तिरकी कापली तर ताकदीतला बदल एकदम होत नाही आणि तिथे नवी कड तयार होत नाही.

बोल्टही तपासा. ५ मिमीचा बोल्ट अर्धा आटा जरी सैल असला तरी पाय नाचतो आणि वरची सगळी मेहनत वाया जाते. स्प्रिंग वॉशर घाला, आतून जागा असेल तर नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज सैल न होणारा) लावा. आतल्या बाजूला बोल्टचं टोक फ्रीव्हीलला किंवा साखळीला लागत नाही ना, ते चाक फिरवून बघा. पहिल्या ५० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट एकदा पुन्हा आवळा.

पातळ नळीला कमी उष्णतेत झाळायचं असेल तर चांदीची काडी उत्तम आहे. ५६ टक्के चांदीची काडी ६२० ते ६५० अंशांमध्ये वाहते, नळी फक्त अंधूक लाल होते. महाग आहे, आणि तिने मोठी गाठ भरता येत नाही, म्हणून जोड अगदी तंतोतंत हवा. खाचेतल्या पट्टीसाठी ती मला पितळापेक्षा जास्त आवडते. घेताना कॅडमियम नसलेली मागा. ४५ टक्के चांदीच्या काही काड्यांमध्ये कॅडमियम असतं, ती आणखी सहज वितळते, पण तिचा धूर प्राणघातक आहे. बंद खोलीत तर कुठलीच काडी पेटवू नका.

काम झाल्यावर फ्लक्स काढायचा कंटाळा करू नका. तो काचेसारखा कडक असतो, कानस बोथट करतो, पण गरम पाण्यात तासभर ठेवून तारेच्या ब्रशने घासला की सुटतो. हट्टी असेल तर पाण्यात लिंबूसत्व घाला. तसाच ठेवून रंग दिला तर एका पावसाळ्यात रंगाखाली फुगे येतात, आणि कोकणच्या खाऱ्या हवेत तर त्याच्याही आधी. शिवाय त्या काचेखाली छिद्र आहे की नाही हेही कळत नाही.

रंग देण्याआधी मी आता सगळे सांधे रॉकेलने तपासतो, आणि लांबच्या सहलीआधी संशय येईल तिथला रंग खरवडून पुन्हा तपासतो. सांध्यावर रॉकेल लावायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, फडक्याने पूर्ण कोरडं पुसायचं आणि वर खडूची भुकटी चोळायची. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर केसासारखी ओली रेघ उमटते. गेल्या दिवाळीत डाव्या पायाच्या वरच्या सांध्यावर अशी अर्ध्या बोटाची रेघ दिसली. तो सांधा मी घरीच, निवांत, सावलीत बसून कापला आणि गज घालून पुन्हा झाळला. उजव्या खालच्या सांध्यावर खडू कोरडाच राहिला.